तिथूनच सांग

"घरात कुणाला टीबी झाला होता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं आणि रंजिताच्या तोंडून "नाही" निघून गेलं. ते इतकं पटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. प्रश्न नीट पोचायच्या आधीच उत्तर तयार होतं, कित्येक वर्षं जिभेखाली ठेवून दिल्यासारखं. आणि आवाजही तिचा नव्हता, आईचा होता. लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांसमोर चहाचे कप मांडताना खाली मान घालून बोलणाऱ्या आईचा. डॉक्टरबाईंना त्या "नाही"चं काही वाटलं नाही. भिवंडीत दवाखाना चालवणाऱ्या बाईला असल्या उत्तरांची सवय असणार. "असो," त्या म्हणाल्या, "घरात झाला नसला तरी या गावात राहायचं म्हणजे कुठूनही येऊ शकतो. घाबरायचं नाही. तुम्हाला टीबी नाही. छातीचा फोटो स्वच्छ आहे. पण रक्ताच्या तपासणीत कळतंय की जंतू आत आहेत. झोपलेले. आणि ते झोपलेत कारण तुमच्या शरीरानं त्यांना झोपवून ठेवलंय."

रंजिता आली होती बोटांसाठी. वर्ष होऊन गेलं होतं, सकाळी उठल्यावर बोटं आपली वाटत नसत. सुजलेली, गरम, कुणीतरी रात्रीतून बदलून ठेवल्यासारखी. पूर्णा गावातल्या मोठ्या गोदामात ती परत आलेल्या मालाच्या विभागात काम करायची. लोकांनी हौसेनं मागवलेलं आणि मग नको झालेलं सगळं तिच्या टेबलावर येई. चपला, कुकर, मुलांचे फ्रॉक, एकदा चक्क वधूचा शालू. खोक्यावरची चिकटपट्टी कापायची, माल उलटापालटा करून बघायचा, चांगला की खराब ते ठरवायचं. पूर्वी या कामात तिचा हात कुणी धरत नसे. आता कटर धरताना अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ जाई आणि शेजारच्या टेबलावरची वनिता न बोलता तिची दोन खोकी आपल्याकडे ओढून घेई. आमवात, असं निदान झालं होतं. बाहेरून काही आलेलं नाही, शरीरच स्वतःच्या सांध्यांवर चालून येतंय, असं डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा रंजिताला शरीराचा राग आला होता. इतकी वर्षं आपण याला जेवू घातलं, न्हाऊ घातलं, आणि हे असं. आता त्याच बाई सांगत होत्या की हेच शरीर दुसरीकडे कुठंतरी, फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात, काही जंतूंना वेढा घालून बसलंय. मारता आले नाहीत म्हणून घेरून ठेवलेत. पेशींचं कडं करून. सुट्टी नाही, पाळी बदलत नाही. "सांध्यांची नवीन गोळी दिली तर ही लढणारी ताकद शांत होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "बोटं सुधारतील. पण तिकडचा पहाराही ढिला पडेल आणि ते उठतील. म्हणून आधी त्यांचा बंदोबस्त. रोज एक गोळी, सहा महिने. महिनाभर ही घेतलीत की मग सांध्यांची सुरू करू."

"आजारी नसताना टीबीची गोळी घ्यायची?"

"आजारी पडू नये म्हणून घ्यायची," बाई म्हणाल्या. "आणि मध्येच सोडायची नाही. बरं वाटतंय म्हणून लोक सोडतात."

बरं वाटतंय म्हणून. बाबांनी तसंच केलं होतं. रंजिता कल्याण नाक्यावर रिक्षासाठी उभी राहिली आणि एकामागून एक रिक्षा सोडत राहिली. समोरच्या गल्लीतून लूमचा, यंत्रमागांचा आवाज येत होता, तोच खडखडाट, जो भिवंडीत जन्मलेल्यांना ऐकू येत नाही आणि बाहेरून आलेल्यांना झोपू देत नाही. तिला तो ऐकू यायचा. ती दिघाशी गावची. दर शनिवारी संध्याकाळी बाबा दिघाशीला घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी बारीक रुई असायची आणि ती रुई फुंकून उडवायचा हक्क एकटीचा होता, तिचा. बाबा, म्हणजे सोमा जाधव, तेव्हा शांतीनगरच्या एका कारखान्यात लूम चालवायचा. मग तो घरीच राहायला लागला. मागच्या पडवीत त्याची खाट गेली. आणि रुई उडवायला ती धावली की तो हात पुढे करून म्हणायचा, "तिथूनच सांग." शाळेत काय झालं ते तिथूनच सांग. कविता पाठ झाली? तिथूनच म्हण. ती पडवीच्या उंबऱ्यावर बसून म्हणायची आणि तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. कधी कधी तिला वाटायचं, ऐकतच नाही. आपण मोठ्यानं चुकीची ओळ म्हटली तर? ती म्हणायची. भिंतीकडून आवाज यायचा, "मागची ओळ पुन्हा म्हण." म्हणजे ऐकत असायचा. पण वळायचा नाही. ती दहा वर्षांची असताना तो गेला आणि नंतर कितीतरी वर्षं तिच्या मनात त्याचा चेहरा नव्हताच, पाठ होती. गळ्याच्या मागे वर आलेलं हाड, बनियनचं भोक, आणि खोकला आला की ती सगळी पाठ एखाद्या पत्र्यासारखी हलायची. माणूस आजारानं आपल्यावर नाराज होतो, असं तिनं तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं. आई बाहेर सगळ्यांना सांगायची, छातीत दुखून गेला. पुढं मुलीचं लग्न व्हायचं होतं. रंजिताही तेच सांगायला शिकली. सांगून सांगून ते खरं झालं होतं.

घरी उन्नती धावत येऊन तिला बिलगली. शाळेतून आल्यावर ही पोर आईच्या पोटात डोकं खुपसून दिवसभराचं सगळं सांगायची. आठ वर्षांची झाली तरी. आणि रंजितानं तोंड वळवलं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की झोपलेले जंतू पसरत नाहीत, तुमच्यापासून कुणालाही काही होणार नाही. तिला ते समजलं होतं. तरी मान आपोआप वळली, श्वास आत धरला गेला, आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत ती म्हणाली, "हात धुऊन ये आधी." उन्नती थोडी थांबली, तिनं आईकडे पाहिलं, आणि हात धुवायला गेली. रंजिताचा नवरा दीपेश मोबाईलवर कुणाला तरी समजावत होता, "हां सेठ, शाम तक मोटर मिल जाएगी, टेन्शन मत लो." लूमच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान होतं. फोन ठेवून त्यानं विचारलं, "काय बोलल्या डॉक्टर?" ती म्हणाली, "काही नाही. एक गोळी वाढवली." ते खोटं नव्हतं. पण पुढचे बरेच दिवस त्या गोळ्यांची पाकिटं तिच्या पर्समध्ये तशीच राहिली, आणि रंजिता ती न फोडता हिंडत राहिली.

का फोडत नव्हती ते तिला सांगता आलं नसतं. गोदामात लोकांनी परत पाठवलेल्या वस्तू हातात घेताना तिच्या मनात भलतंच काही यायचं. इतकी वर्षं माझ्यात बाबांचं काही होतं आणि मला माहीतही नव्हतं. त्यांच्या श्वासातून आलेलं. दिघाशीच्या घरात त्यांचा एक फोटोसुद्धा धड नव्हता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा काळवंडलेला चेहरा सोडला तर काही नव्हतं, आणि इथे आत, बरगड्यांच्या मागे, त्यांच्यापासून आलेलं काहीतरी जिवंत होतं. माणसाला मारणारं, तरी त्यांचंच. मग तिला स्वतःचीच शिसारी यायची. जंतूंत कुणी बाप शोधतं का? पण दुसरा प्रश्न त्याहून चिवट होता. तिथूनच सांग म्हणणारा माणूस. त्यानं तर कधी जवळ येऊच दिलं नाही. मग हे आत आलं कधी? वनिता म्हणाली, "कुठं हरवलीस गं? तो मिक्सर तिसऱ्यांदा उघडतेयस." रंजितानं खोकं बंद केलं. रविवारी सुट्टी होती. तिनं ठरवलं, आईला विचारायचं.

वाड्याकडं जाणाऱ्या एसटीनं अंबाडीला उतरून पुढं रिक्षा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं संपता संपत नव्हती. मग अचानक संपली आणि कापणी झालेली भातशेतं लागली, खुंटांचे पिवळे चौकोन, मधेच वालाची हिरवळ. कलावती दारातच होती. लेकीला बघून ती उठली, पण नेहमीसारखी पुढं आली नाही. "ये, बस आत," म्हणाली, आणि आपण पायरीच्या टोकाला, वारा बाहेर जाईल अशा बाजूला जाऊन बसली. पदर तोंडाशी धरून. रंजितानं ते पाहिलं, पण पाहिलेलं मनात उतरायला वेळ लागला. ती स्वतःच्या प्रश्नाचं ओझं घेऊन आली होती. तिनं सगळं सांगितलं. बोटं, रक्ताची तपासणी, झोपलेले जंतू. कलावती ऐकत राहिली. तिचं वय साठीच्या पुढं गेलं होतं, साखरेची गोळी चालू होती, पण आज ती एकदम वाळलेली दिसत होती. हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आये, बाबांनी मला कधी जवळच घेतलं नाही. मग मला आलं कुठून?"

"कोन बोल्ला जवल घेतला न्हाय?" कलावती एकदम म्हणाली. तिला राग आला होता. "तुला गोवर आल्ता तवा कोन बसला व्हता रातभर? तू पाठ टेकत नव्हतीस. खाटंवर न्हाय, गोधडीवर न्हाय. बापसाच्या छातीवर पालथी. सात-आठ रोज कामाला गेला न्हाय तो. तवाच खोकत व्हता, पन रुई गेली बोलायचा, लूमची रुई. कोनाला म्हाईत व्हता? मंग सरकारी डाक्टरानं सांगितला. त्या दिसापासून त्यानं तुला हात लावला न्हाय."

"मला वाटायचं, चिडलेत माझ्यावर."

कलावतीनं पदर तोंडावरून थोडा खाली केला. बोलू की नको असं तिला झालं असावं. "तू शालंत गेलीस का उठायचा," ती म्हणाली. "चालवत नसायचा, भिंतीला धरून यायचा. तू जिथं उंबऱ्यावर बसायचीस ना, त्या जाग्यावर येऊन बसायचा. मी बोलायची, थंडीत कशाला बसलाय. तर बोलायचा, गरम हाय अजून."

 रंजिताच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त तिच्या मनातली ती पाठ इतक्या वर्षांनी हलली, भिंतीपासून सुटली, आणि एक माणूस सावकाश उठून उभा राहिला. त्याला चेहरा अजून नव्हता. पण तो तिच्याकडं येत होता, ती नसताना. गोवराचं तिला काही आठवत नव्हतं, आठवलं ते एवढंच की कशावर तरी आपण वरखाली होतोय, होडीत असल्यासारखं, आणि कानाखाली घरघर चाललीय. ते तिला आजवर तापातलं स्वप्न वाटत आलं होतं. ती तशीच बसून राहिली असती, पण कलावतीला खोकला आला. ओठ मिटून, छातीतल्या छातीत दाबलेला, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं सराव केल्यासारखा. आणि मग रंजिताला दिसलं. पायरीचं टोक. वाऱ्याची बाजू. चुलीजवळच्या भांड्यांत नसलेला, मागच्या कुडावर वेगळा पालथा घातलेला स्टीलचा पेला आणि ताटली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय?"

"आये, कधीपासून खोकतेयस?"

"धूल हाय ती. भात झोडला तवाची."

"म्हणून तू उन्नतीला दिवाळीच्या सुट्टीत लवकर परत पाठवलंस?"

 कलावती बारीक आवाजात म्हणाली, "ती जवल झोपायला बघायची गो. रोज रात्री. मी तरी किती वेला ढकलू पोरीला." आणि लगेच, घाईनं, "जावयाला बोलू नको. बायजाबाई पन इचारते, काय खोकतेस. तिचा तोंड म्हंजे गावची दवंडी. मी सांगितलाय, पित्त हाय. माजी हाडा झाली आता, माजा काय, पन तुझा संसार हाय. त्याच्या घरचे बोलतील, खोटा बोलून पोरगी दिली."

रंजिता उठली. सांधे दुखत होते, राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मरून जाशील, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती ते बोलली नाही. ती आईच्या शेजारी, पायरीच्या टोकाला जाऊन बसली. कलावती सरकली. ती परत जवळ सरकली. "लांब हो गो," कलावती म्हणाली. रंजिता म्हणाली, "मला जे व्हायचं ते होऊन गेलंय आये. तू तपासायला चल. आता औषधं आहेत, फुकट मिळतात, पूर्ण घेतली की माणूस बरा होतो. बाबांनी अर्धवट सोडली."

"सोडली, कारन बरा वाटला त्याला," कलावती म्हणाली. "आनि घरात खायला व्हयं ना, कामाला जावा लागला." 

परत येताना बसमध्ये ती दीपेशला काय सांगायचं ते जुळवत राहिली, आणि घरात शिरल्यावर सगळं एकदम, मागंपुढं न बघता सांगून मोकळी झाली. बाबा कशानं गेले. आपल्याला काय निघालं. आईला काय असावं. दीपेश जेवत होता. घास तसाच ताटात राहिला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो, "उन्नती?" ती म्हणाली, "तिला खोकला नाही, ताप नाही, पण तपासून घ्यायला हवं. दिवाळीला तिकडं होती." तो उठला. हात धुतले. उन्नती दारात खेळत होती, तिला आत बोलावलं, तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि मग रंजिताकडं न बघता म्हणाला, "तुम्ही लोकांनी एवढं लपवलं?" तुम्ही लोक. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा पलीकडच्या लोकांत गेली. तो चप्पल घालून दुकानाकडं निघून गेला. रंजितानं त्याचं ताट झाकून ठेवलं. तिला वाटलं होतं की भीती वाटेल. पण आतून एक विचित्र हलकेपणा आला होता, ताप उतरताना येतो तसा, घामानं भिजलेला. आता काही धरून ठेवायचं नव्हतं. तिनं पर्स उघडली, पाकीट काढलं. सुजलेल्या अंगठ्यानं गोळी बाहेर ढकलता येईना; दातानं चांदीचा कागद फाडला. पांढरी, लहान गोळी. ती तोंडात टाकण्याआधी ती क्षणभर थांबली. तो क्षण कसला होता ते तिचं तिलाही नीट कळलं नाही. निरोप म्हणावा तर निरोप द्यायला समोर कुणी नव्हतं. गोळी टाकून ती पाणी प्यायली.

दीपेश दिवेलागणीला परत आला. हाताला मोटारच्या वॉर्निशचा वास होता. म्हणजे सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून काम करत बसला होता. तो तिच्या शेजारी सोफ्यावर बसला. "माझ्या मोठ्या काकांना झाला होता," तो म्हणाला. "आमच्याकडे बोलायचे, बारीक ताप आहे. त्यांचा कप खिडकीत असायचा. मी त्यातून एकदा पाणी प्यायलो तर आजीनं चोपला मला. तुला कुणी सांगितलं का आमच्याकडून? नाही ना." तो थोडा हसला, मग हसणं थांबलं. "दुपारी दुकानात बसून मोजत होतो, आपल्या चाळीत कुणाकुणाच्या घरात झाला असेल. सगळे छातीत दुखूनच मेलेत यार. उद्या दुकान बंद ठेवतो. आईंना घेऊन येऊ. गाडी सांगितलीय मित्राची, एसटीनं नको." ती म्हणाली, "तुम्ही चिडलात ना?" "चिडलो," तो म्हणाला. "आहे अजून. पण ते नंतर बघू." आणि उन्नतीला हाक मारून त्यानं तिला दोघांच्या मधे बसवलं. ती लगेच आईच्या पोटात डोकं खुपसून बोलायला लागली, वर्गातल्या कुठल्याशा भांडणाचं, आणि या वेळी रंजितानं मान वळू दिली नाही. वळत होती. तिनं वळू दिली नाही.

कलावतीला टीबी निघाला. थुंकीच्या तपासणीत दुसऱ्याच दिवशी कळलं. नेहमीच्या औषधांनी बरा होणारा आहे, हेही कळलं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. उन्नतीला काही निघालं नाही. ते कळलं तेव्हा दीपेश दवाखान्याच्या बाहेर जाऊन बराच वेळ रस्त्याकडं बघत उभा राहिला आणि आत आला तो तिघींसाठी उसाचा रस घेऊन. कलावतीनं तो पेला घेतला आणि सवयीनं लांब जाऊन उभी राहिली. महिन्यानं रंजिता सांध्यांच्या गोळीसाठी गेली तेव्हा तिनं डॉक्टरबाईंना मागच्या "नाही"चं खरं उत्तर सांगितलं. वडील. आणि आता आई. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. रंजितानं विचारलं, "मग माझ्यात जे आहेत ते कुणाचे? वडिलांचे तेव्हाचे, की आईचे आत्ताचे?"

"ते तपासणीत कळत नाही," बाई म्हणाल्या. "आहेत एवढंच कळतं. गोळीला दोन्ही सारखेच."

घरी येताना ती त्यावर विचार करत राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं. महिनाभर ती ज्यांना बाबांचे म्हणत आली ते कदाचित त्यांचे नव्हतेच. मग तिच्या ध्यानात आलं की आईला तरी कुठून आले? आईनं बाबांचं आजारपण काढलं, त्यांचं थुंकीचं भांडं धुतलं, त्यांना शेवटचं पाणी पाजलं. तिच्याही आत ते तेव्हापासूनच बसून असतील, सून म्हणून आलेल्या या बाईनं शेतं लावली, मुलगी वाढवली, तिच्यासाठी खोटं बोलली आणि सगळा वेळ आतून त्यांना आवरून धरलं, म्हातारपण आलं, साखर आली, तेव्हा कुठं तिचा हात ढिला पडला. थेट आले की आईमार्गे आले, एवढाच काय तो फरक. रंजितानं हाताची मूठ वळून बघितली. अजून पुरती वळत नव्हती. रिक्षावाल्यानं सुटे मागितले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून हसतोय.

चैत्रात कलावतीची थुंकी स्वच्छ आली. गोळ्या अजून चालू होत्या, पण आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही, असं तिला सांगितलं गेलं. तिला ते पटायला वेळ लागला. तिचं वजन वाढलं, बांगड्या पुन्हा मनगटापाशी आल्या. रंजिताची बोटंही सुधारत होती, सकाळची ताठर वेळ अर्ध्यावर आली होती आणि वनिता म्हणायची, "आता माझीपण खोकी तूच घे." एका रविवारी ती तिघं दिघाशीला गेली. उन्नती आणि दीपेश शेताच्या बांधावर कैऱ्या पाडायला गेले. रंजिता आत भाकरी थापत होती, आईनं नको म्हटलं तरी. बऱ्याच महिन्यांनी हात भाकरीला लावला होता आणि ती गोल येत नव्हती. बाहेर ओट्यावर बायजाबाई येऊन बसली होती. शेजारची, कलावतीच्याच वयाची, आवाजानं खणखणीत. पण आज आवाज बसलेला होता आणि ती बोलता बोलता खोकत होती. रंजिताला आतून दोघींच्या पाठी दिसत होत्या.

"किती दिस झालं खोकतेस?" कलावतीनं विचारलं.

"पित्त हाय गो. आंबा खाल्ला का व्हतो."

 रंजिताचा हात परातीत थांबला. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली, धूळ उडाली. मग कलावती म्हणाली, "पित्त न्हाय ते. मी पन पित्तच बोलायची." ती थांबली नाही. "टीबी झालाय मला. गोल्या चालू हायत. आनि माज्या नवऱ्याला झाल्ता. तो छातीत दुखून न्हाय गेला. सोमा टीबीनं गेला."

नवऱ्याचं नाव. रंजितानं आईच्या तोंडून ते उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. पिठाच्या हातांनी ती चौकटीत येऊन उभी राहिली. बायजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिला धक्का बसलेला दिसत नव्हता. ती ओट्याच्या कडेचा गवताचा एक तुकडा उपटत बसली होती.

"म्हाईत हाय गो," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"सोमाचा. सगल्या गावाला म्हाईत व्हता. तेव्हाच."

कलावती तिच्याकडं बघतच राहिली. "मंग कोन बोल्ला कसा न्हाय?"

"पोरीचा लग्न व्हायचा व्हता ना," बायजाबाई म्हणाली. "पावने चौकशीला आल्ते माज्या दारात. आक्काच्या दारात गेल्ते, गोदूच्या गेल्ते. सगल्यांनी एकच सांगितला. छातीत दुखला नि गेला. बिचारा चांगला मानूस." तिला पुन्हा खोकला आला. तो थांबेपर्यंत कलावतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. बायजाबाईनं श्वास घेतला. "तपासतात म्हंजे सुई टोचतात काय गो?"

"न्हाय. थुंकी द्याची डबीत."

"मी एकली न्हाय जायाची."

"एकली कशाला," कलावती म्हणाली. "उद्या सकालच्या एसटीनं जाऊ. मी हाय ना."